युरोपचा कार्बन कर आणि घोटावड्याचे मस्टर

१ जानेवारी २०२६ पासून युरोपियन युनियनने परदेशातून येणाऱ्या पोलादावर कार्बनचा आकार लावायला सुरुवात केली आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर या विषयाचा गेली तीन वर्षे धुरळा उडतो आहे. मराठीत मात्र चार ओळींची बातमी येते, आणि तीही टाटा-जिंदालच्या शेअरचे भाव किती पडले एवढ्यापुरती. जणू हा प्रश्न चार-पाच पोलादसम्राटांचा आणि दिल्लीतल्या वाणिज्य मंत्रालयाचा खाजगी मामला आहे! आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळशी तालुक्यातल्या घोटावड्याच्या शेडमध्ये बारा-बारा तास मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराचा आहे, आणि पुण्याच्या गल्लीबोळांतून लोखंडाचे तुकडे गोळा करणाऱ्या बाईचाही आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी आधी या कराची कुळकथा पाहावी लागेल.

‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ असे त्याचे लांबलचक नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीबॅम’ म्हणतात. युरोपात २००५ पासून मोठ्या कारखान्यांना धुराचे परवाने लागतात. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा तर एक परवाना. हे परवाने बाजारात विकले जातात आणि त्यांचा भाव चढतो-उतरतो. पोलाद कारखान्यांना मात्र यातले बरेचसे परवाने आजवर फुकट मिळत आले. आता हे फुकट वाटप २०२६ ते २०३४ या काळात पायरी-पायरीने बंद होणार आहे. मग युरोपचे कारखानदार म्हणाले, आम्ही धुराचे पैसे भरायचे आणि बाहेरचा माल फुकट आत यायचा, हे कसे चालेल? त्यावर उपाय म्हणून मे २०२३ मध्ये हा कायदा झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज एवढ्या गोष्टी त्याखाली आल्या. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत केवळ माहिती द्यायची होती, पैसा द्यायचा नव्हता. आता २०२६ मध्ये आत गेलेल्या मालासाठी तिथल्या आयातदाराने प्रमाणपत्रे विकत घ्यायची आहेत. त्यांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून सुरू होणार आणि पहिला वार्षिक हिशेब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचा आहे.

भारताला याचा फटका का बसतो? कारण आपले पोलाद कोळशावर शिजते. खुद्द केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या आकड्यानुसार भारतात एक टन कच्चे पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांहून किंचित जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्याही आत आहे. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीसारख्या ठिकाणी झोतभट्टीत कोक जाळून लोहखनिजाचे लोखंड करतात. कुठे फिरत्या भट्टीत दगडी कोळसा घालून स्पंज आयर्न करतात. याउलट भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेल्या पोलादाचा कार्बन याच्या काही अंशच असतो. पुण्यातच कल्याणी समूहाने डिसेंबर २०२२ मध्ये विजेच्या भट्टीतले आणि अपारंपरिक विजेवरचे ‘हरित पोलाद’ बाजारात आणले ते यामुळेच.

एक ढोबळ गणित मांडू. समजा, आपल्या टनभर पोलादामागे अडीच टन कार्बन आहे. युरोपने ठरवलेल्या मापदंडाप्रमाणे आज त्यातला १.४ टन माफ झाला असे धरू. उरला १.१ टन. परवान्याचा भाव ८० युरो धरला तर टनामागे ८८ युरो, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या घरात. पहिल्याच वर्षी एवढा फरक, आणि माफी दरवर्षी आटत जाऊन २०३४ मध्ये शून्य होणार. ‘ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्ह’ या दिल्लीच्या संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये भारताच्या लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या निर्यातीपैकी २७ टक्के, म्हणजे ८.२ अब्ज डॉलरचा माल युरोपियन युनियनला गेला होता. तेव्हा प्रश्न लहान नाही. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपियन युनियन यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा मोठ्या थाटात झाली, पण या कार्बन आकारातून भारताची सुटका काही झाली नाही. ब्रिटनही १ जानेवारी २०२७ पासून स्वतःचा असाच कर आणतो आहे.

आता घोटावड्याला येऊ. पौड रस्त्याने पिरंगुट ओलांडले की घोटावडे फाटा लागतो. या पट्ट्यात लहान-मोठ्या कारखान्यांची शेडं पसरली आहेत. प्रेस शॉप, टर्निंग, फोर्जिंग, प्लेटिंग, पॅकिंग. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसे इथे ठेकेदाराच्या हजेरीवर राबतात. यांचा युरोपशी काय संबंध, असे कुणाला वाटेल. परंतु युरोपच्या यादीत केवळ पोलादाची गुंडाळी आणि पत्रे नाहीत. नट, बोल्ट, स्क्रू, रिव्हेट हेही त्या यादीत आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने आणखी सुमारे १८० प्रकारच्या पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या तयार वस्तू त्यात घालण्याचा प्रस्ताव मांडला आहे. म्हणजे जाळे दिवसेंदिवस घोटावड्याकडेच सरकते आहे.

गेल्या वर्षी याच पट्ट्यातल्या एका बोल्ट कारखान्याचे तीन कामगार आमच्याकडे आले होते. तिघेही ठेकेदाराचे, सहा-सात वर्षांची नोकरी, हातात नेमणुकीचा कागद नाही. रोजात वाढ मागितली तर मुकादमाने सांगितले, “युरोपचा टॅक्स आलाय, यंदा वाढ नाही.” त्यांतला एक वयस्क कामगार आम्हाला विचारू लागला, “वकीलसाहेब, हा कुठला नवीन टॅक्स? जीएसटीत तर नव्हता.” आम्ही त्याला म्हटले, “दादा, टॅक्स खरा आहे. पण तुमच्या मालकाने अजून त्यापायी एक रुपया भरलेला नाही.” कारण ते साल होते २०२५. त्या साली युरोप फक्त माहिती मागत होता. आणि आजही कायद्याने पैसे भरायचे आहेत ते तिकडच्या आयातदाराने, इकडच्या बोल्टवाल्याने नव्हेत.

मालकाची बाजूही आम्ही ऐकून घेतली. ती अगदीच खोटी नव्हती. त्याच्याकडे मोठ्या गिऱ्हाईकाचा एक तक्ता आला होता. कोणत्या गिरणीची वायर रॉड वापरली, त्या गिरणीत टनामागे किती कार्बन निघाला, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत गॅस किती जळाला, कोणत्या मालाला किती. बोल्टचा खरा कार्बन बोल्टच्या कारखान्यात निघतच नाही. तो वायर रॉडच्या आधी, भट्टीत निघून गेलेला असतो. पण ती माहिती मोठी गिरणी या लहान माणसाला देत नाही. खरी, तपासलेली माहिती दिली नाही तर युरोप स्वतःचा ठरीव आकडा लावतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. मग गिऱ्हाईक म्हणते, भाव कमी कर, नाहीतर दुसरीकडून घेतो. मोठ्याने लहानावर ढकलले, लहानाने ठेकेदारावर, ठेकेदाराने कामगारावर. त्याच्या खाली ढकलायला कुणीच नाही.

हे असेच का घडते, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात शोधून ठेवले आहे. रुपयाचे मोल घसरले की निर्यात वाढते, म्हणून घसरता रुपया देशाला लाभदायक, असे त्या काळचे व्यापारी म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, हा लाभ येतो कुठून? वस्तूंचे भाव वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. निर्यातदाराच्या खिशात पडणारा पैसा हा मजुराच्या ताटातून उचललेला असतो. आमच्या विद्वानांनी हा ग्रंथ रिझर्व्ह बँकेच्या जन्मकथेत बंद करून ठेवला. खरे तर आजच्या निर्यात धोरणावर त्याचा प्रकाश टाकून पाहायला हवा. तेव्हा निर्यातीचा नफा मजुरीतून निघत होता. आज निर्यातीचा तोटा मजुरीतून भरून काढायची तयारी चालली आहे.

आणि हे सहज शक्य आहे, कारण कार्बनची जशी नोंद होते तशी कामगाराची होत नाही. युरोपचा कायदा टनाच्या दशांशापर्यंत हिशेब मागतो. तोच बोल्ट वळणाऱ्या माणसाचे नाव मस्टरवर आहे की नाही, हे त्या तक्त्यात कुठेच विचारलेले नाही. तो त्या कायद्याचा विषय नाही, असे कुणी म्हणेल. मान्य. मग आपला कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या. १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की कारखाना मानला जाई, नव्या संहितेत २० लागतात. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा २० कंत्राटी कामगारांपासून लागू होई, नव्या संहितेत ५० लागतात. राज्य सरकारांनी मधल्या काळात हीच वाट धरली होती. योगायोग पाहा. युरोपनेही २०२५ मध्ये आपल्या कायद्यात एक सूट दिली. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला हा जाच नाही. पण ती देताना त्यांनी हिशेब घातला की एवढी सूट देऊनही ९९ टक्के कार्बन कायद्याच्या पकडीत राहील. आपल्याकडे ५० चा आकडा ठरवताना किती टक्के कामगार पकडीत राहतील, हा हिशेब कुणी मांडला? घोटावड्याच्या शेडमध्ये ठेकेदार ४९ माणसे दाखवील आणि दुसऱ्या नावाने आणखी ४९ आणील. वकिली करणाऱ्याला हे सांगायला पुरावा लागत नाही, रोजच्या फायली पुरतात.

नोंदीवाचूनचे काम म्हणजे काय, हे मुळशीकरांना नव्याने सांगायला नको. ७ जून २०२१ रोजी इथून जवळच ऊरवड्यातल्या रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार जळून मेले. त्यांत बहुतेक महिला होत्या. त्या दिवशी हवेत किती कार्बन गेला ते कदाचित मोजता येईल.

वाचकहो, यावर दिल्लीचे सरकार जागतिक मंचावर काय म्हणते? ते म्हणते, हा कर अन्यायाचा आहे. १९९२ च्या रिओ करारात ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले होते. दोनशे वर्षे धूर युरोपने सोडला, भारताचे कार्बन उत्सर्जन आजही माणशी दोन टनांच्या आसपास आहे, युरोपचे त्याच्या अडीचपटीहून अधिक. शिवाय कराचा पैसा युरोपच्या तिजोरीत जाणार, ज्यांच्याकडून वसूल झाला त्या गरीब देशांना परत मिळण्याची कायद्यात हमी नाही. हा युक्तिवाद कायद्याच्या कसोटीवर बळकट आहे, असे आमचेही मत आहे. ज्या युरोपला आपले पोलाद मळके वाटते, तोच युरोप २१ मे २०२७ पासून आपल्याकडचे भंगार भारतासारख्या देशांना द्यायचे की नाही यावर परवानगीची कडी घालतो आहे. म्हणजे भंगारावर पोलाद करा म्हणायचे आणि भंगारही अडवायचे!

पण त्या ‘माणशी दोन टनां’कडे जरा नीट पाहू. हे दोन टन कुणाचे? घोटावड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण मिळून राहणाऱ्या, पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या कामगाराचे दोन टन नाहीत. त्याच तालुक्यात, हिंजवडीच्या बाजूला, माणशी एक गाडी आणि खोलीगणिक एसी असलेल्या सोसायट्यांचेही दोन टनांत भागत नाही. दोघांची बेरीज करून दोनाने भागले की सरासरी येते. आमच्या गरिबीचा आकडा पुढे करून पोलाद कारखानदारांसाठी जगाकडे सवलत मागायची, आणि सवलत मिळाली की तिच्यातला छदामही गरिबापर्यंत पोचू द्यायचा नाही, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. देशाच्या नावाने वाटाघाटी होतात, तेव्हा त्या टेबलावर कामगार संघटनेचा एक तरी माणूस बसलेला असतो काय?

आता भंगाराकडे वळू, कारण या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गंमत तिथे दडली आहे. युरोपच्या हिशेबात भंगाराचा कार्बन शून्य धरतात. ज्याच्या भट्टीत भंगार जास्त, त्याचे पोलाद तेवढे स्वच्छ. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या भंगारावर चालतात (त्यांची सळई मुख्यतः देशातच खपते, हे खरे). डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या केली. टनाला २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असेल तर ‘हरित’, १.६ पेक्षा कमी असेल तर पाच तारे. हे तारे मिळवायचा सर्वांत जवळचा मार्ग भंगारातून जातो. पण भंगार काय झाडाला लागते? ते कुणीतरी घराघरांतून आणि उकिरड्यांवरून गोळा करते. पुण्यात हे काम पिढ्यानपिढ्या कोणत्या समाजाच्या बायका करीत आल्या, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. कुणी कचरा वेचतात, कुणी डबा-बाटलीवाल्या म्हणून दारोदार फिरतात. १९९३ साली त्यांनी डॉ. बाबा आढावांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली आणि ओळखपत्र मिळवले. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून तिने पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलायला सुरुवात केली. पंचायतीच्या नावातला तो ‘पत्रा’ शब्द ध्यानात घ्यावा. तोच पत्रा भंगारवाल्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून भट्टीत जातो.

ज्या जातिव्यवस्थेने या बायकांना घाणीशी बांधले, तिच्याच उरावर आज स्वच्छ पोलादाचे तारे उगवत आहेत. २०१९ साली केंद्राने पोलाद भंगाराचे धोरण काढले. त्यात यंत्रांनी सुसज्ज केंद्रे आली, असंघटित क्षेत्राला संघटित करण्याची भाषाही आली. अनुभव असा की, कचऱ्याला मोल आले की ठेकेदार येतो आणि वेचणारी बाहेर पडते.

या बाबतीत मुळशीचाच इतिहास बोलका आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, पाणी कोकणात भिऱ्याला उतरले, वीज मुंबईला गेली. कोळसा न जाळता होणारी ती वीज आज कुणी ‘हरित’ म्हणून मिरवील. परंतु बुडालेल्या जमिनींपैकी पुष्कळशा पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या. मोबदला कागद ज्याच्या नावावर त्याला मिळाला, कसणारा तसाच उठला. कार्बनचे व्यवहारही कागदावरच चालतात.

म्हणून आमचा आग्रह पैशाच्या वाटेबद्दल आहे. युरोपच्या कायद्यातच एक तरतूद आहे. माल जिथे तयार झाला त्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर ती वजा मिळते. म्हणजे भारताने स्वतःच कारखानदाराकडून ही किंमत वसूल केली तर पैसा इथेच राहील. २०२३ मध्ये केंद्राने कार्बन पतबाजाराची योजना अधिसूचित केली, ती याच दिशेने आहे. चांगले आहे. पण पैसा इथे राहिला म्हणजे कुणाकडे राहिला? जुना दाखला ताजा आहे. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने निधी काढला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तोच पैसा राज्यांची नुकसानभरपाई द्यायला वळवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही गेला आणि कोळसा १८ टक्के जीएसटीत विरघळला. कोळशाच्या धुरात राबणाऱ्याला त्यातले काय मिळाले?

याउलट २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणले. त्याच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण खाणबाधितांचा हिस्सा कायद्यातच लिहिला गेला, मर्जीवर राहिला नाही. कार्बनच्या पैशाबाबत तेच करता येईल. भारतात जमणाऱ्या कार्बनच्या रकमेतला ठरावीक भाग कचरावेचक आणि भंगार गोळा करणाऱ्यांच्या विमा-निवृत्तिवेतनासाठी, आणि लहान कारखान्यांतल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी राखून ठेवणारे एक कलम, एवढीच आमची मागणी आहे. हरित पोलादाचे तारे देतानाही भंगार कुणाकडून आणि कोणत्या दराने घेतले, हा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

तोपर्यंत घोटावडे-पिरंगुटच्या कामगारांसाठी दोन गोष्टी. नव्या संहितांतही हाताशी धरण्याजोग्या तरतुदी आहेत. नेमणुकीचे पत्र देणे आता बंधनकारक आहे आणि पगाराची पावती देणेही. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. तेव्हा मुकादम ‘युरोपचा टॅक्स’ म्हणाला की त्याला तसे लेखी मागावे आणि त्याच अर्जात नेमणुकीचे पत्रही मागावे. २०२६ च्या मालाचा कार्बन याच वर्षाच्या वहीत भरला जातो आहे. गिऱ्हाईकाचा तपासणीस शेडमध्ये येईल तेव्हा ती वही बाहेर निघेल. त्याच दिवशी मस्टरही टेबलावर ठेवायला सांगावे. ज्यांच्याकडे हजेरीची कसलीच नोंद नाही त्यांनी आजपासून स्वतःच्या वहीत तारीख, पाळी आणि तास लिहायला सुरुवात करावी. कामगार न्यायालयात अशा वह्या आम्ही पुराव्यादाखल दाखल केल्या आहेत.